जुन्या कॅसेटी, नवा पडदा : स्मृतींना वाट देणारी छोटी पेटी

असिसीची संत क्लेअर ही दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत आहे, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. ती इ. स. १२५३ मध्ये निवर्तली आणि दूरचित्रवाणीचा शोध त्यानंतर जवळजवळ पावणेसातशे वर्षांनी लागला. परंपरा असे सांगते की, एका नाताळच्या रात्री ती आजारपणामुळे अंथरुणास खिळून होती. मठातील इतर भगिनी उपासनेसाठी गेल्या असता, ख्रिस्तमंदिरात चाललेला विधी तिला आपल्या खोलीतच दिसला आणि ऐकूही आला. या परंपरेच्या आधारे पोप पायस बारावे यांनी १९५८ साली तिला दूरचित्रवाणीची आश्रयदाती म्हणून जाहीर केले.

जे आपल्यापासून दूर आहे ते डोळ्यांसमोर दिसावे, ही माणसाची ओढ जुनीच आहे. कधी ते अंतराने दूर असते, तर कधी काळाने. वसई, मुंबई, गोवा या भागांतील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांच्या कपाटांत गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतील व्हिडिओ कॅसेटी आजही पडून आहेत. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने भारतात रंगीत दूरचित्रवाणी आली आणि त्यानंतरच्या वर्षांत व्हीसीआर व व्हीसीपी घरोघरी दिसू लागले. आखाती देशांत नोकरीस गेलेल्या आप्तांनी तेथून ही यंत्रे आणली. विवाह, प्रथम कम्युनियन, गुरुदीक्षा, ख्रिस्तमंदिराचा सुवर्णमहोत्सव असे प्रसंग कॅसेटवर उतरविण्याची प्रथा पडली. आज त्या चित्रणातील आजीआजोबा हयात नाहीत. त्यांचे चालणे, हसणे, बोलणे मात्र त्या काळ्या फितीवर अजून शिल्लक आहे.

अडचण अशी की, नव्या सपाट दूरचित्रवाणी संचाला जुना व्हीसीआर जोडावयास गेले असता बहुधा त्याची तार बसावयास जागाच सापडत नाही. ही अडचण दूर करणारे एक उपकरण बाजारात मिळते. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी अशी ती पेटी असते आणि तिला ‘एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर’ असे म्हणतात. ती कशी चालते, तिच्याकडून कशाची अपेक्षा ठेवावी आणि कशाची ठेवू नये, हे समजून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

अडते कोठे?

जुन्या यंत्राच्या पाठीमागे पिवळे, पांढरे आणि लाल अशी तीन गोल छिद्रे असतात. पिवळ्यातून चित्र येते, पांढऱ्यातून डाव्या बाजूचा आवाज आणि लाल छिद्रातून उजव्या बाजूचा. पिवळ्या तारेतून जे येते त्याला ‘ॲनालॉग’ संकेत म्हणतात. तो म्हणजे विद्युतदाबाचा अखंड चढउतार होय. चित्राचा जो भाग उजळ असेल तेथे दाब वाढतो, जो काळोखा असेल तेथे तो उतरतो. हा सारा खेळ सुमारे एका व्होल्टच्या मर्यादेत चालतो.

भारतात रूढ असलेल्या ‘पाल’ पद्धतीत प्रत्येक चित्र ६२५ आडव्या रेषांचे बनलेले असते आणि सेकंदाला अशी २५ चित्रे येतात. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा एकामागून एक त्या एकाच तारेतून धावत असतात. रेषा कोठे संपली व नवी कोठे सुरू झाली हे कळावे म्हणून प्रत्येक रेषेबरोबर एक खुणेचा ठोका असतो. रंगाची माहितीही त्याच संकेतात, सेकंदाला सुमारे ४४ लक्ष ३० हजार कंपने असलेल्या एका लहरीवर मिसळून पाठविलेली असते. जुन्या काचेच्या संचातील इलेक्ट्रॉनांचा झोत या चढउताराबरहुकूम पडद्यावर रेषा ओढीत जाई. संकेत आणि पडदा दोघेही एकच भाषा बोलत असत.

नव्या संचाचा पडदा निराळा आहे. तो लक्षावधी स्थिर ठिपक्यांचा बनलेला असून प्रत्येक ठिपक्याला किती प्रकाश व कोणता रंग द्यावयाचा, हे आकड्यांत सांगावे लागते. हे आकडे एचडीएमआय या तारेतून येतात. डिसेंबर २००२ मध्ये या पद्धतीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. तिच्या नेहमीच्या जोडणीत १९ पिना असतात आणि चित्र व आवाज दोन्ही एकाच तारेतून आकड्यांच्या रूपाने जातात. म्हणून एका टोकाला पिवळी, पांढरी, लाल पिन आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी नुसती जोडतार घेऊन काम भागत नाही. तारेचा आकार बदलला म्हणून भाषा बदलत नाही. त्यासाठी मध्ये एक दुभाषी बसवावा लागतो.

पेटीच्या आत काय घडते?

या दुभाष्याचे काम चार टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात पेटीतील चिप त्या खुणेच्या ठोक्यांवरून रेषा ओळखते आणि एकत्र मिसळलेले प्रकाश व रंग वेगळे करते. हे वेगळे करणे नीट साधले नाही, तर बारीक चौकटीच्या सदऱ्यावर किंवा साडीच्या नक्षीवर नसलेले इंद्रधनुषी रंग खेळताना दिसतात.

दुसऱ्या टप्प्यात चढउताराचे आकडे होतात. १९८२ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रकाशाची मोजणी सेकंदाला १ कोटी ३५ लक्ष वेळा केली जाते. त्यामुळे प्रत्येक दृश्य रेषेचे ७२० ठिपके पडतात. ६२५ रेषांपैकी चित्राच्या रेषा ५७६ असतात. ७२० गुणिले ५७६ म्हणजे एका चित्राचे ४,१४,७२० ठिपके होतात.

तिसरा टप्पा सर्वांत अवघड आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत येते. आधी विषम क्रमांकाच्या रेषा, मग सम क्रमांकाच्या. काचेच्या पडद्यावर डोळ्यांना हे जाणवत नसे. ठिपक्यांच्या पडद्यावर दोन्ही हप्ते जसेच्या तसे एकत्र ठेवले, तर हलणाऱ्या वस्तूच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा दिसतात, कारण मधल्या एकपन्नासांश सेकंदात ती वस्तू पुढे सरकलेली असते. पेटीला हे दोन हप्ते शक्य तितके सांधून घ्यावे लागतात. मग चित्र नव्या पडद्याच्या मापाचे केले जाते. ‘१०८०पी’ या मापाच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. हा आकडा आधीच्या आकड्याच्या बरोबर पाचपट आहे. म्हणजे पडद्यावरील प्रत्येक पाच ठिपक्यांमागे एकाच ठिपक्याइतकी माहिती जुन्या चित्रात होती. उरलेले पेटीने आजूबाजूच्या ठिपक्यांवरून हिशेबाने भरलेले असतात.

चौथ्या टप्प्यात आवाजाचेही आकडे करून ते चित्रासोबत एचडीएमआय तारेतून रवाना होतात. हे सर्व होण्यास सेकंदाचा लहानसा अंशच लागतो. पाहणाऱ्याला व्हीसीआरचे बटण दाबताच चित्र दिसते.

पेटी काय करू शकत नाही

वरील हिशेब पाहिला म्हणजे एक भ्रम दूर होतो. खोक्यावर ‘फुल एचडी’ असे ठळक छापलेले असते आणि जुने चित्रण नव्यासारखे स्पष्ट दिसेल अशी समजूत होते. तसे होत नाही. व्हीएचएस कॅसेटवर एका आडव्या रेषेत सुमारे २४० इतकाच तपशील उतरत असे आणि रंगांचा तपशील त्याहूनही कमी. चेहरे अंधुक असतील तर ते अंधुकच राहतात. उलट, एकवीस इंची काचेच्या संचावर जे दोष लपून राहत, ते त्रेचाळीस इंची पडद्यावर उघडे पडतात. दुभाषी प्रामाणिक असला तरी मूळ वक्त्याने जे सांगितलेच नाही ते तो सांगू शकत नाही.

दुसरी मर्यादा फितीच्या अस्थिरतेची. जुनी फीत ताणलेली वा सैल झालेली असते, त्यामुळे रेषांचे ठोके वेळेवर पडत नाहीत. काचेचा संच अशा वेळी चित्र थोडे वाकडे दाखवी, मुंग्या दाखवी, पण काहीतरी दाखवीत राही. स्वस्त कन्व्हर्टर मात्र ठोका चुकताच गोंधळून निळा किंवा काळा पडदा दाखवितो. अशा वेळी कॅसेट कोरी झाली असा निष्कर्ष काढून ती फेकून देऊ नये. दुसऱ्या व्हीसीआरवर किंवा काचेचा जुना संच मिळाल्यास त्यावर ती एकदा अवश्य पाहावी.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची मर्यादा ही की, ही पेटी केवळ दाखविते, साठवीत नाही. पडद्यावर आजीचा चेहरा दिसला म्हणजे तो सुरक्षित झाला, असा अर्थ नाही. याविषयी पुढे पाहू.

घेताना व जोडताना

प्रथम आपल्या दूरचित्रवाणी संचाची मागची व कडेची बाजू नीट पाहावी. काही संचांना अजूनही पिवळे छिद्र असते. काहींना ‘एव्ही’ असे लिहिलेले एकच बारीक छिद्र असते आणि त्यासाठी कंपनीची खास जोडतार लागते. तसे असेल तर कन्व्हर्टरचा खर्च वाचतो.

पेटी घेताना दिशा तपासावी. ‘एव्ही टू एचडीएमआय’ आणि ‘एचडीएमआय टू एव्ही’ अशा दोन्ही प्रकारच्या पेट्या दिसण्यास सारख्याच असतात. दुसरी पेटी नव्या यंत्राचे चित्र जुन्या संचावर दाखविते, म्हणजे आपल्याला हवे त्याच्या नेमके उलट करते. अनेकांची फसगत येथेच होते. आपल्या पेटीवर पिवळ्या, पांढऱ्या व लाल छिद्रांजवळ ‘इनपुट’ आणि एचडीएमआयजवळ ‘आउटपुट’ असे लिहिलेले असावयास हवे.

पेटीला पाच व्होल्टचा वीजपुरवठा लागतो. दूरचित्रवाणीच्या यूएसबी छिद्रातून तो घेता येतो, परंतु चित्र मध्येच जात असेल तर मोबाईलच्या चांगल्या चार्जरवरून द्यावा. व्हीसीआरला आवाजाचे एकच छिद्र असेल तर पांढरी पिन तेथे जोडावी. त्या वेळी आवाज एकाच बाजूने आला तर तो यंत्राचा दोष नव्हे, आवाजाची एकच पिन जोडलेली असल्यामुळे तसे होते. संचावर योग्य एचडीएमआय क्रमांक निवडावा. पेटीवर ‘७२०पी’ व ‘१०८०पी’ असा खटका असतो. चित्र स्थिर दिसेल तो पर्याय ठेवावा.

चित्रातील माणसे एकाएकी जाड व बुटकी दिसू लागली तर घाबरू नये. जुने चित्र चारास तीन या प्रमाणाचे असते आणि नवा पडदा सोळास नऊ या प्रमाणाचा. पेटी ते चित्र ताणून पूर्ण पडदा भरते. संचाच्या मांडणीत ‘४:३’ हा पर्याय निवडावा. दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या येतील, पण नवरानवरी होती तशी दिसतील.

अमेरिकेतील आप्तांनी पाठविलेल्या कॅसेटी ‘एनटीएससी’ या निराळ्या पद्धतीच्या, ५२५ रेषांच्या असू शकतात. बहुतेक कन्व्हर्टरना दोन्ही पद्धती समजतात, परंतु त्या कॅसेट वाजविणारा व्हीसीआरही दोन्ही पद्धती जाणणारा असावा लागतो. छोट्या कॅसेटीचा ‘हाय एट’ कॅमेरा घरात असेल तर तो त्याच्या तारेने थेट पेटीला जोडता येतो. ‘मिनी डीव्ही’ कॅसेटीवरील चित्रण मात्र मुळातच आकड्यांत असते. त्याची प्रत फायरवायर तारेने संगणकावर घेणे अधिक चांगले.

कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी

कोकणपट्टीच्या दमट हवेत कॅसेटीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बुरशी. कॅसेटीच्या काचेसारख्या झरोक्यातून उजेडात पाहावे. गुंडाळलेल्या फितीच्या कडेवर पांढरट डाग अथवा भुकटी दिसली, तर ती कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये. फीत तुटू शकते आणि बुरशी यंत्राच्या हेडला लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते. अशी कॅसेट कोरड्या जागी इतरांपासून वेगळी ठेवून जाणकाराकडे द्यावी. घरी कापडाने पुसण्याचा मोह टाळावा.

धडधाकट कॅसेटीच्या कडेला एक छोटा प्लॅस्टिकचा तुकडा असतो. तो शाबूत असेल तर काढून टाकावा, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी जुने चित्रण पुसले जाणार नाही. वर्षानुवर्षे बंद असलेल्या व्हीसीआरमध्ये प्रथम बिनमहत्त्वाची, एखाद्या चित्रपटाची कॅसेट घालून पाहावी. यंत्राने फीत गिळली तर ती लग्नाची नसावी. नंतर आपली कॅसेट शेवटपर्यंत पुढे व पुन्हा आरंभापर्यंत मागे फिरवून मगच लावावी. त्यामुळे चिकटलेले थर मोकळे होतात व ताण सारखा होतो.

पाहणे आणि जतन करणे

फीत कायमची नाही आणि ती वाजविणारी यंत्रेही नाहीत. जपानमधील फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले आणि त्याबरोबर नवे व्हीएचएस यंत्र बनण्याचे युग संपले. युनेस्कोने दृक्श्राव्य संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसह २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी धोक्याचा इशारा देणारा उपक्रम हाती घेतला. फितींवरील ठेवा नव्या रूपात आणण्यासाठी जाणकारांनी धरलेली मुदत साधारण २०२५ सालापर्यंतची होती. म्हणजे हे काम सवडीने करावयाचे राहिलेले नाही.

म्हणून कन्व्हर्टरचा उपयोग निवड करण्यासाठी करावा. कुटुंबाने एकत्र बसून कॅसेटी पाहाव्यात, प्रत्येकीवर प्रसंग, वर्ष व व्यक्तींची नावे लिहावीत आणि जतन करण्याजोग्या वेगळ्या काढाव्यात. मग व्हीसीआरची पिवळी, पांढरी व लाल तार ‘कॅप्चर’ उपकरणाद्वारे संगणकाला जोडून त्यांची प्रत घ्यावी. येथे चित्र ७२० गुणिले ५७६ या मूळ मापातच साठविणे इष्ट. आधी ते पाचपट फुगवून मग साठविल्याने फाईल मोठी होते, तपशील मात्र वाढत नाही. तीन तासांच्या कॅसेटीला तीन तासच लागतात. हे काम घाईने होत नाही. डीव्हीडीच्या दर्जाने साठविल्यास तासाला साधारण तीन ते चार जीबी जागा पुरते. प्रत एकाच ठिकाणी न ठेवता किमान दोन वेगळ्या डिस्कवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावी. मूळ कॅसेटही फेकू नये.

कुटुंबाची आणि ख्रिस्तसभेची स्मृती

हा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडू शकेल. उत्तर वसईपुरते तरी सोपे आहे. जुन्या लग्नाच्या चित्रणात लाल लुगडे नेसलेल्या वृद्ध स्त्रिया सामवेदी बोलीत लग्नगीते म्हणताना दिसतात. ती गीते सर्वच्या सर्व कोणी लिहून ठेवलेली नाहीत. ज्या स्वरात आणि उच्चारांत ती म्हटली जात, ते लिहूनही कळणारे नाहीत. वाडवळी बोलीचीही तीच गोष्ट. ज्या नातवंडांना ही बोली आता परकी वाटू लागली आहे, त्यांच्यासाठी ती कॅसेट हा घरातलाच पाठ आहे.

धर्मग्रामांच्या कपाटांतही असा ठेवा असू शकतो. फेब्रुवारी १९८६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी भारतास भेट दिली. त्या दौऱ्यात ते गोवा, मुंबई आणि पुणे येथे आले होते. १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वसई धर्मप्रांत वेगळा झाला. अशा प्रसंगी धर्मग्रामांतील हौशी मंडळींनी टिपलेली दृश्ये कोणाच्या तरी माळ्यावर असतील. प्रमुख धर्मगुरूंच्या अनुमतीने, युवकांच्या एखाद्या गटाने धर्मग्रामातील कॅसेटींची यादी केली आणि एक चांगला व्हीसीआर, एक कन्व्हर्टर व एक कॅप्चर उपकरण सर्वांसाठी उपलब्ध ठेवले, तर प्रत्येक कुटुंबाला वेगळा खर्च करावा लागणार नाही.

येथे एका विवेकाची आवश्यकता आहे. या चित्रणांतील माणसांनी ते घरच्यांसाठी म्हणून टिपू दिले होते. कोणाचे दुःखाचे क्षण, अंत्यविधी, लहान मुले, आज विभक्त झालेली जोडपी त्यांत असू शकतात. संबंधितांना विचारल्याशिवाय ती दृश्ये मोबाईलवरून सर्वत्र पाठवू नयेत. स्मृती जपणे आणि ती चव्हाट्यावर मांडणे यांत फरक आहे.

ख्रिस्तसभा १९६७ पासून जागतिक संपर्क दिन पाळीत आहे. २०२० सालच्या या दिनाच्या संदेशात पोप फ्रान्सिस यांनी निर्गम ग्रंथाच्या दहाव्या अध्यायाचा आधार घेऊन, मुलानातवंडांना कथा सांगण्याच्या कर्तव्याकडे लक्ष वेधले होते. इस्राएल लोकांची श्रद्धा पिढीजात कथनातून टिकली. आपल्या पूर्वजांची श्रद्धाही अशीच, घरातील सायंप्रार्थनेतून आणि थोरांच्या तोंडून आपल्यापर्यंत आली.

ती तोंडे आता मिटली आहेत. काही आवाज मात्र अर्धा इंच रुंदीच्या फितीवर, कपाटाच्या वरच्या खणात वाट पाहत आहेत. येत्या रविवारी मिस्सानंतर घरातील एखाद्या तरुणाने स्टूल घेऊन तो खण उघडावा आणि घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला शेजारी बसवून एकच कॅसेट लावावी. पडद्यावरील माणसांची नावे सांगणारे कोणीतरी आज आपल्यात आहे, तोवरच हे काम पूर्ण होऊ शकते.